वऱ्हाडात एवढा कापूस, मग धोतर बाहेरून का यायचं? (इंग्रज काळातला कापूस व्यापार)

पूर्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज रविवार आहे तर बसलोच लिहायला.

दिवाळीत गावी गेलो होतो. गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णा नदीच्या जवळ, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणी खारं असतं. माळ्यावरची आवराआवर करताना पत्र्याच्या पेटीत पणजोबांची हिशोबाची वही सापडली, लाल कापडाची बांधणी आणि आत सगळं मोडी. मला मोडी येत नाही, गावातल्या एका काकांना येते, ते दोन संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून वाचत गेले आणि मी मोबाईलमध्ये टाइप करत गेलो. साल १९२६ ते १९३२. जमेच्या बाजूला जवळपास एकच नोंद परत परत येते, कापूस इतक्या गाड्या, खामगावच्या अडत्याकडे (दलालाकडे). खर्चाच्या बाजूला मात्र बरंच काही, सरकारचा सारा, सावकाराचं व्याज, मीठ, रॉकेल, धोतरजोडी, लुगडी आणि ज्वारी. ज्वारी विकत! आई तिथंच भाजी निवडत होती, ती म्हणाली अरे सासूबाई तर सांगायच्या घरात धान्याच्या कणग्या भरलेल्या असायच्या, मग ज्वारी विकत कशी? काकांनी परत वाचलं. ज्वारीच होतं.

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इंग्रजांनी वऱ्हाडात कापूस आणला नाही, तो इथं आधीपासून होता. त्यांनी त्याची दिशा बदलली. पूर्वी शेतातला कापूस आधी घरात यायचा, बायका सूत कातायच्या, ते कोष्ट्याच्या मागावर जायचं आणि उरलेला कापूस लांबच्या बाजाराला, तोही बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत म्हणजे पाचेकशे मैल. मुंबईकडे माल न्यायला सुरुवात केली ती विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी पेढीने, १८२५-२६ च्या सुमारास. म्हणजे व्यापार होता, तो काही कुणी येऊन शिकवला नाही.

१८५३ साल बघा. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. त्यानंतर महिनाभरात, मे मध्ये, निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, कारण हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च थकला होता. थकबाकीपोटी आख्खा सुपीक प्रांत गेला. पुढच्या वर्षी नागपूर खालसा. आणि त्याच १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेबद्दल जे टिपण लिहिलं त्यात सरळ म्हटलंय की इंग्लंड कापसासाठी ओरडतंय, हिंदुस्थानात तो पिकतोच आहे, फक्त आतल्या भागातून बंदरापर्यंत आणायची सोय नाही. रेल्वेचा नकाशा या वाक्यावरून काढल्यासारखा दिसतो. भुसावळवरून शेगाव, अकोला, बडनेरा करत १८६७ ला लाइन नागपूरला पोचली. मोठी कापूसपेठ असलेलं खामगाव मुख्य लाइनच्या थोडं बाजूला राहिलं, तर जलंबहून खास फाटा काढला आणि १८७० ला त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका बाजारपेठेच्या छोट्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय! त्याच्या आदल्या वर्षी सुएझ कालवा उघडला होता आणि १८७० मध्येच मुंबई समुद्राखालच्या तारेने जोडली गेली. म्हणजे लिव्हरपूलचा भाव आता खामगावात लवकर कळणार आणि कापसाची गाठ लवकर पोचणार.

कापसासाठी वेगळा कमिशनर नेमला होता हो, रिव्हेट-कार्नॅक त्याचं नाव, मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी. काम काय तर कापूस जास्त पिकावा, भेसळ होऊ नये, माल लवकर बाहेर पडावा. रॅली ब्रदर्स, व्होल्कार्ट ब्रदर्स या परदेशी निर्यातदार कंपन्यांचे लोक पेठांमध्ये येऊन बसले. वऱ्हाडी कापसाला जगाच्या बाजारात नाव पडलं 'ऊमरा', म्हणजे उमरावतीचं तोडकं रूप. आपल्या अमरावतीचं नाव लिव्हरपूलच्या पाटीवर होतं आणि अमरावतीतल्या मागावर विलायती सूत.

तर मला समजून घ्यायचंय की हे नक्की कसं घडत गेलं. कुणाच्या घरी असे कागद असतील, वाचलेलं असेल, आजी-आजोबांकडून ऐकलेलं असेल तर लिहा. विरोधी मत असेल तर तेही लिहा.

---

वैदर्भी_पऱ्हाटी

वा बाप्पा, आमच्या घरची गोष्ट काढली तुम्ही. मी मूर्तिजापूरचा. आमची शकुंतला आठवली, मूर्तिजापूर ते यवतमाळ अन् इकडं अचलपूर, अरुंद पटरीची गाडी. लहानपणी मामाच्या गावाले त्याच गाडीनं जात होतो. थे काही माणसं बसवाले नोती बांधली, कापसाच्या गाठी मोठ्या लाइनवर आणाले बांधली होती, म्हणून तं जिथं जिथं जिन (कापसातली सरकी काढाचा कारखाना) तिथं तिथं टेशन. किलिक निक्सन नावाच्या इंग्रजी कंपनीची लाइन. देशातल्या साऱ्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी हे कंपनीच्याच नावावर राह्यली अन् आपल्या रेल्वेनं कंपनीले पैसे देऊन गाडी चालवली. अन् इंजिन कुठलं? मँचेस्टरचं, १९२१ सालचं. १९९४ पर्यंत तेच वाफेचं इंजिन वढत होतं. कापूस तिकडं गेला अन् इंजिन तिकडून आलं.

आता गाडी बंद हाय. पटरीवर बाभळी उगवल्या.

---

गिरणगावकर

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. मुंबईची बाजू मी लिहितो, माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते त्यामुळे हा विषय घरातलाच.

मुंबई आज जी दिसते त्याच्या पायात वऱ्हाड-खानदेशचा कापूस आहे हे मुंबईकरांना पण माहीत नसतं. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या (मँचेस्टरच्या भागातल्या) गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि सगळे मुंबईकडे धावले. भाव इतके चढले की गाद्या-उश्यांतला कापूस काढून विकल्याच्या गोष्टी सांगतात. पैसा आला तो शेअरमध्ये घुसला, शेअर दलाल प्रेमचंद रायचंद, समुद्रात भराव घालणारी बॅकबे कंपनी, रोज नवीन बँक. १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली आणि १ जुलैला वायद्यांचे हिशोब चुकते करायची वेळ आली तेव्हा सगळा डोलारा खाली आला, पुढे बँक ऑफ बॉम्बे सुद्धा बुडाली. मुंबईला निदान भराव मिळाला, इमारती मिळाल्या. खेड्यात काय राहिलं तर तेजीत वाढलेली कर्जं. सारा तेजीच्या काळातल्या भावावर नजर ठेवून वाढवलेला आणि भाव पडलेले, यातूनच पुढे १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. तो प्रदेश वऱ्हाड नाही, पण साखळी तीच.

आता गिरण्या. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली, नंतर वाढत गेल्या आणि मँचेस्टरला खुपायला लागल्या. तिकडच्या गिरणीवाल्यांनी पार्लमेंटमध्ये इतका जोर लावला की १८८२ पर्यंत विलायती कापडावरची आयात जकात काढूनच टाकली. १८९४ मध्ये सरकारला पैसा कमी पडला म्हणून जकात परत लावावी लागली तर लँकेशायरला त्रास नको म्हणून इथल्या मालावर पण कर बसवला. १८९६ ला पक्कं झालं, बाहेरच्या कापडावर साडेतीन टक्के आणि इथल्या गिरणीतल्या कापडावर पण साडेतीन टक्के. आपल्याच देशात, आपल्याच कापसाच्या, आपल्याच माणसांनी विणलेल्या कापडावर केवळ मँचेस्टरला बरोबरीत ठेवायला कर! हा कर १९२५ च्या डिसेंबरात थांबवला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं चालला. कुठलाही देश स्वतःच्या नव्या उद्योगाला जपतो, इथे सरकारच दुसऱ्याच्या बाजूने बसलेलं. माझ्या मते वऱ्हाडातला कापूस कापड न होता बाहेर का गेला याचं निम्मं उत्तर या साडेतीन टक्क्यात आहे.

---

बोरीबंदर

धागा आवडला पण थोडं वेगळं मत मांडतो, धागाकर्त्यांनी मागितलंच आहे म्हणून.

रेल्वे नसती तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला कापसाचा भाव मिळाला असता का? बैलावर लादून मिर्झापूरला जाताना धुळीने, पावसाने माल निम्मा खराब व्हायचा. कापूस लावा म्हणून कुणी बंदूक घेऊन उभं नव्हतं, नीळ आणि अफूसारखी सक्ती इथं नव्हती, शेतकऱ्याने स्वतः हिशोब करून कापूस लावला कारण काळ्या जमिनीत त्याचे पैसे जास्त होते. अमरावती, अकोला, खामगावला शाळा, वाडे, पेठा त्याच पैशातून झाल्या. शिवाय नागपूरला जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस, कोळसा आणि गिऱ्हाईक तिन्ही जवळ म्हणून, आणि रेल्वे होती म्हणूनच. हिंगणघाट, पुलगाव, अकोला, बडनेरा सगळीकडे गिरण्या निघाल्या. मग 'कापड बाहेरूनच आलं' असं सरसकट कसं म्हणता येईल?

---

पूर्णाकाठ

बोरीबंदर, मुद्दे रास्त आहेत. गिरण्यांबद्दल शीर्षकात मी जरा एकांगी लिहिलं हे मान्य. आणि सक्ती नव्हती हेही खरं, पण सक्ती बंदुकीनेच होते असं नाही ना. सारा रोखीत भरायचा, ठरलेल्या तारखेला, पीक येवो न येवो. ज्वारीचे रोख पैसे कमी आणि हळू यायचे, कापसावर मात्र अडत्या आणि सावकार पेरणीच्या आधीच उचल द्यायला तयार. एकदा उचल घेतली की माल त्याच्याकडेच घालायचा, त्याच्या काट्यावर आणि त्याच्या भावाने. पणजोबांच्या वहीत हेच दिसतं, मृगात उचल आणि दिवाळीनंतर गाड्या.

आणि रेल्वे कुणाच्या पैशाने झाली तेही बघा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे) ही लंडनमधली खाजगी कंपनी, तिच्या भागधारकांना वर्षाला पाच टक्के परताव्याची हमी, तेवढा नफा झाला नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा. धोका आपला, नफा त्यांचा. दुसरं म्हणजे मालभाडं. आतून बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला आणि बंदरातून आत येणाऱ्या तयार मालाला दर कमी, देशातल्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावी माल न्यायचा तर दर जास्त, अशी तक्रार तेव्हाचे लोक सतत करत होते आणि १९१६-१८ च्या औद्योगिक आयोगालाही त्यावर लिहावं लागलं. लोहमार्ग तेच असतात, पण दर कसे लावले त्यावरून कळतं की गाडी कुणासाठी धावतेय.

न्यायमूर्ती रानड्यांनी हे फार नेमकं मांडलं होतं की हिंदुस्थान म्हणजे जणू एक मळा समजला जातो, कच्चा माल इथे पिकवायचा, ब्रिटिश दलालांनी ब्रिटिश जहाजातून न्यायचा, तिथल्या भांडवलाने त्याचं कापड करायचं आणि ते परत इथेच आणून विकायचं. एका परिच्छेदात सगळं आलं.

---

अवनी

इथे अजून सूत कातणाऱ्या बायकांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

विणकरांबद्दल थोडं तरी लिहिलं जातं. नागपूर-उमरेडचे कोष्टी, हलबा, त्यांची बारीक धोतरं आणि किनारीची लुगडी नावाजलेली होती. ते पूर्ण संपले नाहीत, टिकले, पण कसे तर आधी विलायती आणि नंतर गिरणीचं सूत विकत घेऊन. म्हणजे माग चालू राहिला पण सूत देणारा व्यापारी मालक झाला. कातणाऱ्या बायकांचं मात्र कामच गेलं. घरातलं सगळं आवरून, दुपारी आणि रात्री चार तास चरखा फिरवून ज्या बाईच्या हातात दोन पैसे यायचे, विधवा असेल तर तेवढ्यावरच ती जगायची, तिचं सूत यंत्राच्या सुतापुढे एका पिढीत बंद पडलं. त्या बायकांची नोंद कुठल्याच कारखान्यात नव्हती त्यामुळे बेकार किती झाल्या याचीही नोंद नाही. त्या कुठे गेल्या? शेतात वेचणीला आणि जिनमध्ये. आमच्या पणजीच्या आईबद्दल घरात सांगतात की ती अकोल्याच्या एका जिनमध्ये रेच्याजवळ (सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राजवळ) बसून कापूस टाकायची, रुईची धूळ छातीत भरून खोकत गेली.

आणि दुष्काळ. वऱ्हाडाला दुष्काळ शिवत नाही असं अधिकारी मानायचे, पाऊस बरा, जमीन काळी. मग १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० ला, संवत १९५६ म्हणून ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, माणसं रस्त्यावर मेली. कारण मला तरी असं दिसतं की ज्वारीची जमीन कापसाखाली गेलेली, गावातले धान्याचे पेव रिकामे झालेले, आणि मजुराकडे धान्य नाही तर फक्त मजुरी. पीक बुडालं की वेचणी नाही, वेचणी नाही म्हणजे मजुरी नाही, आणि स्टेशनवर धान्याच्या वाघिणी उभ्या असल्या तरी विकत घ्यायला पैसा नाही. पूर्णाकाठ, तुमच्या वहीतली विकतची ज्वारी वाचून मला सगळ्यात आधी हेच आठवलं. ज्यांच्याकडे जमीन होती ते विकत घेत होते, ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी काय केलं असेल.

---

वैदर्भी_पऱ्हाटी

अवनीताई, माही आजी असंच सांगे. तिच्या लग्नाच्या रुखवतात टकळी होती, पण तिनं कधी चालवली नाही, तिच्या सासूले येत होतं म्हणे.

---

हिशोबाचा_माणूस

सर्वांचे प्रतिसाद माहितीपूर्ण. मी बँकेत नोकरी केली, आता निवृत्त. पैशाचा रस्ता समजावून सांगायचा प्रयत्न करतो कारण मला वाटतं खरी मेख तिथं आहे आणि ती शाळेत शिकवतच नाहीत. 'दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या वहनाचा सिद्धांत मांडला' एवढंच पाठ करून घेतात.

समजा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने वऱ्हाडी कापूस घेतला आणि त्याला शंभर पौंड द्यायचे आहेत. आपल्याला वाटतं ते शंभर पौंड, किंवा तेवढं सोनं, जहाजातून मुंबईला आलं असेल. बहुतांशी ते येतच नव्हतं. लंडनमध्ये भारतमंत्र्याची (हिंदुस्थानचं काम पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याची) कचेरी 'कौन्सिल बिल' नावाच्या हुंड्या विकायची. पैसे देणाऱ्याने, म्हणजे त्याच्या बँकेने, पौंड तिथे भरायचे आणि हुंडी घ्यायची. हुंडी इकडे यायची, मुंबई किंवा कलकत्त्याच्या सरकारी खजिन्यात दाखवली की रुपये मिळायचे आणि ते रुपये निर्यातदाराकडून अडत्याकडे, अडत्याकडून शेतकऱ्याकडे. आता सांगा खजिन्यातले ते रुपये कुठून आले? शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातून, मिठाच्या करातून. म्हणजे वऱ्हाडातल्या माणसाने आधी कर भरला आणि त्यातलाच काही पैसा त्याला कापसाचा भाव म्हणून परत मिळाला. कापूस मात्र खरोखर गेला.

आणि लंडनमध्ये जमा झालेले पौंड? त्यातून तिथल्या निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांना हमीचे पैसे, इंडिया ऑफिसचा खर्च. याला होम चार्जेस म्हणायचे. एखाद्या देशाची निर्यात आयातीपेक्षा वर्षानुवर्षं जास्त असेल तर त्याच्याकडे सोनं साठायला हवं, तो श्रीमंत व्हायला हवा. हिंदुस्थानची निर्यात दशकानुदशकं जास्त होती. दादाभाई १८६७ पासून लंडनमध्ये उभं राहून हेच विचारत होते की मग तो पैसा गेला कुठे. आयुष्यभर एकच प्रश्न विचारत राहिले. मला त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

---

कारंजेकर

छोटीशी भर. आमच्या कारंजा लाडला १८८६ मध्ये नियमांनुसार चालणारा कापूस बाजार सुरू झाला, देशातला असा पहिला बाजार म्हणतात. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता, त्याच्या हुकमाने झाला. पुढे १८९७ ला वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. आज आपण बाजार समिती म्हणतो तिचं मूळ इथं. गावात याचा अभिमान आहे आणि असावाच, वजनमाप एक झालं, काटामारी कमी झाली. पण तो बाजार मुळात मँचेस्टरला स्वच्छ, बिनभेसळीचा माल ठराविक भावात मिळावा म्हणून बसवला हे पण लक्षात ठेवायला हवं. शेतकऱ्याला फायदा झाला तो ओघाने.

---

बोरीबंदर

कौन्सिल बिलांबद्दलचं मला इतक्या तपशिलात माहीत नव्हतं. हिशोबाचा_माणूस, खरंच आभार, माझ्या मताला यामुळे धक्का बसलाय.

पण एक गोष्ट अजून. सगळे जण मँचेस्टर मँचेस्टर म्हणतायत पण अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर लँकेशायर परत अमेरिकन कापसाकडे गेलं, त्यांना लांब धागा हवा होता आणि ऊमरा आखूड धाग्याचा. विसाव्या शतकात वऱ्हाडी कापसाचा मोठा गिऱ्हाईक जपान होता. १८९३ मध्ये टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या जहाज कंपनीबरोबर मुंबई-जपान जहाजं सुरू केली तेव्हा पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीने भाडं पाडून टाटांना त्या धंद्यातून बाहेर काढलं, तो सगळा झगडा याच कापसाच्या वाहतुकीसाठी. मग जपान, जर्मनी पण इथून कापूस नेत होते तर याला फक्त इंग्रजी राज्याचा परिणाम म्हणायचं का?

---

पूर्णाकाठ

चांगला प्रश्न. मी यावर दोन दिवस विचार करत होतो.

गाठ जपानला गेली की लिव्हरपूलला यापेक्षा ती गाठ म्हणूनच गेली हे महत्त्वाचं नाही का? जपानने आपला कापूस नेला, सूत काढलं आणि आपल्याच मुंबईच्या सुताला चीनच्या बाजारातून हटवलं. त्यांचं सरकार त्यांच्या गिरण्यांच्या मागे उभं होतं. आपलं सरकार साडेतीन टक्के घेत होतं. फरक तिथे आहे.

आणि धागा आखूड का झाला तेही बघा, मला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली. हिंगणघाटकडे बणी नावाची जात होती, धागा लांब आणि मऊ, जुन्या लोकांच्या तोंडी अजून नाव आहे. पण तिचं पीक कमी यायचं आणि रुईचा उतारा (सरकी काढल्यावर हाती येणारी रुई) पण कमी. जाडेभरडे वाण जास्त पिकायचे, सरकी कमी आणि रुई जास्त. खरेदीदार बणीला वेगळा भाव देईनात, सगळं एकत्र करून ऊमरा म्हणून गाठी बांधल्या जायच्या, मग शेतकऱ्याने बणी का लावावी? एकीकडे सरकार भेसळीविरुद्ध कायदे करत होतं, मुंबईत १८६३ पासूनच, आणि दुसरीकडे बाजारच असा होता की चांगला कापूस लावणारा तोट्यात. इथेच कातून इथेच विणलं जात होतं तेव्हा बारीक धोतरासाठी बणीच लागायची, विणकराला फरक कळायचा आणि तो त्याचे पैसे द्यायचा. विणकर आणि शेतकरी यांच्यामधला धागा तुटला आणि वाण गेलं.

---

गिरणगावकर

काय नेमकं लिहिलंत. "विणकराला फरक कळायचा". बाबा साचेखात्यात असताना नुसता हात लावून सांगायचे सूत कुठल्या कापसाचं आहे.

एक विचारायचं राहिलं, पूर्णाकाठ. वहीत धोतरजोडी लिहिलंय म्हणालात, ते कुठलं होतं याची काही नोंद आहे का? विलायती की गिरणीचं? तो काळ नेमका बहिष्काराचा आहे, १९३० ला तर तुमच्या अकोल्याजवळ दहिहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठ काढून सत्याग्रह झाला होता.

---

वैदर्भी_पऱ्हाटी

हो सांगा ना दादा. अन् पानांचे फोटो पण टाका, माह्या काकाले मोडी येते.

---

पूर्णाकाठ

काल रात्री काकांना व्हिडिओ कॉल लावला आणि आईने एकेक पान धरलं.

१९२६ आणि २७ ला धोतरजोडीपुढे 'विलायती' असं स्पष्ट आहे. २८, २९ ला नुसतं धोतरजोडी. १९३० च्या दिवाळीला 'नागपूर गिरणीचं' असं लिहिलंय आणि त्याच ओळीत 'खादी, बापूसाठी'. बापू म्हणजे माझे आजोबा, तेव्हा सोळा वर्षांचे. ते दहिहंड्याला गेले होते का ते घरात कुणालाच माहीत नाही, विचारायला आता कुणी नाही.

पण कपड्यांच्या नोंदी शोधता शोधता दुसरंच सापडलं. कापसाच्या गाड्या मी एका कागदावर सालवार उतरवल्या. १९२६ ला जितक्या, १९३१ ला जवळपास तितक्याच. म्हणजे पीक बुडालेलं नाही, शेतात कष्ट तेवढेच. जमा मात्र निम्म्याहून कमी, जागतिक मंदीत भाव कोसळले होते ते हे. आणि साऱ्याचा आकडा दोन्ही वर्षी एकच, आण्या-पैशाचाही फरक नाही. व्याजाचा आकडा दुप्पट. ज्वारी त्या वर्षी दोनदा घेतलीय.

१९३२ चं पान खालून उंदरांनी कुरतडलंय, वरच्या दोन ओळी वाचता येतात. पहिल्या ओळीत आमच्या नदीकाठच्या वावराचं नाव आहे आणि त्यासमोर सावकाराचं. दुसऱ्या ओळीत तारीख. ते वावर आमचं नाही एवढं लहानपणापासून माहीत होतं, जाता-येता बाबा हात करून दाखवायचे. कधी गेलं ते काल कळलं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली तेवढं पान नीट प्लॅस्टिकमध्ये ठेव.

फोटो उद्या टाकतो.